टोचलेला नमुना

मिसेस ऑल्ड्रिजकडे शनिवारी कामाला गेलं की आधी हात धुवायचे, ते पुसून पूर्ण वाळू द्यायचे आणि मग पांढरे सुती हातमोजे चढवायचे. त्याशिवाय एकाही खणाला हात लावायची सोय नव्हती. आमच्या घरात सोवळ्याओवळ्याची यथेच्छ टिंगल व्हायची. आई तर आपल्या एका आत्तेसासूची अशी नक्कल करायची की बाबांना जेवता जेवता ठसका लागायचा. आणि इथे न्यू जर्सीत, सतराव्या वर्षी, मी एका गोऱ्या बाईचं सोवळं निमूटपणे पाळत होते. बाई जुन्या छापील चित्रांचा धंदा करायच्या. नदीकाठच्या एका जुन्या गावात त्यांचं घर होतं, आणि खालच्या दोन खोल्या सपाट खणांच्या कपाटांनी भरलेल्या होत्या. त्या बोलायच्या हळू, चालायच्या हळू, आणि कागद उचलताना श्वाससुद्धा रोखून धरायच्या. तासाभराने त्याच तोंडाने फोनवर एखाद्या गिऱ्हाइकाला असं काही गुंडाळायच्या की ओक ट्री रोडवरच्या आमच्या देशी बाजारातल्या साडीवाल्यानेही कानाला हात लावावा.

मी त्यांना नावं ठेवायचे ती मनातल्या मनात, कारण माझं सगळं त्यांच्या एका पत्रावर अडलं होतं. मला कलेचा इतिहास शिकायचा होता. बाबांच्या मते हा विषय ज्यांच्या बापांनी आधीच पुष्कळ करून ठेवलंय त्यांच्या मुलींसाठी होता. पण ज्या कॉलेजात मला जायचं होतं, तिथे पूर्ण स्कॉलरशिप मिळाली तर ते आडवे येणार नव्हते, आणि स्कॉलरशिपसाठी या क्षेत्रातल्या कुणाचं तरी शिफारसपत्र हवं होतं. आमच्या ओळखीत डॉक्टर होते, इंजिनियर होते, एक मोटेलवाले होते. या क्षेत्रातलं असं मला माहीत असलेलं माणूस एकच, मिसेस ऑल्ड्रिज. ‘ऑक्टोबरमध्ये लिहीन,’ असं त्यांनी कबूल केलं होतं, आणि त्या शब्दाखातर मी वर्षभर हातमोजे घालत होते.

त्या उन्हाळ्यात कुठल्याशा मेलेल्या माणसाच्या घरच्या लिलावातून त्यांनी एक फोल्डर आणलं. बाई जाणकार होत्या त्या फुलांच्या आणि पक्ष्यांच्या चित्रांच्या, हे प्रकरण त्यांना नवं होतं. तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातली नक्षी होती ती. काटेरी पानांच्या वळणावळणाच्या वेली, शिंपले, वेलीतून डोकावणारी गुबगुबीत पोरं, आणि जागा रिकामी राहिली की पाप लागेल अशा समजुतीने कोंबलेले फुलांचे हार. बरोक म्हणतात त्या थाटाला. ही चित्रं बघायला म्हणून कुणी काढलेली नव्हती, ते नमुने होते. एखादा कसबी माणूस तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरायचा, तिचे छाप काढून गावोगाव विकायचा, आणि ते घ्यायचे सोनार, सुतार, गिलाव्याचं काम करणारे, भरतकाम करणारे. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात रांगोळीची पुस्तकं टांगलेली असतात, त्यातलीच ही जात. पण बाईंनी ते कागद असे हाताळले की जणू वेदच सापडले.

त्यात एकाच नक्षीच्या दोन प्रती होत्या. एक कोरी करकरीत, कुणी कधी हात न लावलेली. दुसरी मळकी, तेलकट डागांची, आणि तिच्या उजव्या अर्ध्या भागात रेघांवरून बारीक बारीक भोकं पाडलेली. पहिलीसाठी बाईंनी एका म्युझियमच्या माणसाला पत्र घातलं. दुसरी त्यांनी तळाच्या खणात ढकलली आणि म्हणाल्या, “कुणा अडाणी कारागिराने नासवलीय. तेही अर्धवटच.” म्हणजे ज्याने तो कागद ज्या कामासाठी होता त्याच कामाला लावला, तो अडाणी. आणि ज्याने विकत घेऊन तीनशे वर्षं खणात ठेवला, तो रसिक.

आमचं घर आयसेलिनला, रेल्वेलाइनच्या बाजूला, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर. घरात दोन आवाज कायमचे. एक, फोडणी दिली की बोंबलणारा स्मोक अलार्म. त्याच्याखाली टॉवेल फडफडवत उभं राहणं हे माझं काम होतं. दुसरा आईच्या मशीनचा. आई पडदे शिवण्याच्या एका वर्करूममध्ये काम करायची. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातले पडदे, त्यांच्या झालरी, गोंडे, सगळं तिच्या हाताखालून जायचं, आणि उरलेलं काम ती घरी घेऊन यायची. महाराष्ट्र मंडळातल्या डॉक्टरांच्या बायका तिला ‘हौस म्हणून शिवतात’ असं म्हणायच्या. कारण मराठी बाई फॅक्टरीत शिवते हे कबूल करायचं म्हणजे आपलीच पत कमी होते. आई कुणाशी वाद घालत नसे. सावर क्रीमचं श्रीखंड तिच्याइतकं घट्ट कुणाचं होत नसे, तेव्हा मंडळाच्या जेवणाला तिची आठवण हटकून निघायची, आणि जेवणं आटोपली की तितक्याच हटकून बुजायची.

मंडळाचे अध्यक्ष पाटणकर काका. भूल द्यायचे डॉक्टर. ते बोलायला लागले की भूल द्यायला औषधाची गरज पडत नसावी. त्यांनी नुकतंच मोठं घर घेतलं होतं, आणि त्यात सोनेरी पायांचा, नक्षीदार पाठीचा एक सोफा, ज्यावर जाड प्लास्टिकचं कव्हर होतं. उन्हाळ्यात त्यावर बसलं की उठताना चामडी सोलून निघायची. गणपतीची मीटिंग त्या सोफ्यावर भरली.

“या वर्षी थीम करू या,” काका म्हणाले. “ते कमळ, मोर वगैरे मुलांना बोअर होतं. युरोपियन करू. पॅलेससारखं. गोल्डन!”

“पण करणार कोण?” काकूंनी विचारलं, आणि सगळ्यांचे डोळे आईकडे वळले.

“वहिनी आहेत ना! हाताला वळण आहे त्यांच्या,” काका म्हणाले. आई एवढी खूश झाली की घरी येताना दोनदा चुकीच्या एक्झिटला वळली. मला तिचा राग आला. या लोकांच्या एका शब्दाने हिने एवढं फुलावं? तरी त्याच शनिवारी मी ते कोरं पान दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून घरी आणलं. बाईंना विचारलं नाही. मळकं आणलं नाही, कारण आईला चांगलं काहीतरी दाखवायचं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या कामाच्या ठिकाणी काय ऐवज असतो हेही मिरवायचं होतं.

आईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर चादर अंथरून पान ठेवलं, पदर खोचला आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मी इंग्रजीत लेक्चर सुरू केलं. ही नक्षी मुद्दाम असमान आहे, डावी आणि उजवी बाजू वेगळी आहे, बरोकमध्ये अशी गती असते वगैरे. हे मी मिसेस ऑल्ड्रिजच्या टिपणातून जसंच्या तसं उचललं होतं.

“गती कसली डोंबलाची,” आई म्हणाली. “अगं, ही दोन डिझाइन्स आहेत. अर्धं हे, अर्धं ते. एका कागदात दोन बसवलीत. तुला डावं आवडलं तर डावं घे, मधोमध घडी घाल आणि उलटं करून पलीकडे उमटव. की झाली पुरी वेल. आमच्या शिवणक्लासच्या बाई असेच नमुने द्यायच्या, कागद वाचतो.”

मला मळका कागद आठवला, उजव्याच बाजूला भोकं असलेला. तो अर्धवट नव्हता, पूर्ण होता. पण हे मी आईला सांगितलं नाही. तिला बाईंपेक्षा जास्त कळतं हे मान्य करायला तेव्हा माझी जीभ रेटत नव्हती.

“टोचू का पण?” तिने विचारलं. “खाली चार कागद ठेवून एकदम टोचलं की चार खाके निघतात. ट्रेस करत बसले तर आठवडा जाईल. ओरिजिनल नाही ना हे?”

“छापील आहे गं. तिच्याकडे अजून एक आहे,” मी म्हटलं. “टोच.”

दोन्ही वाक्यं खरी होती. बाईंच्या सोवळ्याचा माझ्या डोक्यात इतका तिटकारा साठला होता की आईची सुई त्या कागदात पहिल्यांदा घुसली तेव्हा मला चक्क गार वाटलं. आईने पेन्सिलीच्या खोडरबरात सुई उलटी खोचली होती. टेबलावर गोधडीची घडी, तिच्यावर चार कागद, वर नमुना. टप टप टप टप, एका लयीत, डावीकडचीच अर्धी वेल. मध्येच उठून तिने साबुदाणा परतला, स्मोक अलार्म बोंबलला, मी टॉवेल फडफडवला, आणि ती परत येऊन ज्या भोकावर थांबली होती त्याच्याच पुढे सुरू झाली. मग सुताराची निळी खडूपूड बाबांच्या जुन्या मोज्यात भरून खाक्यावर थापली. खाका उचलला तेव्हा थर्मोकोलवर निळ्या ठिपक्यांची वेल उभी होती. घडी घालून पलीकडे उमटवली आणि खांबाचा माथा पुरा झाला. तीनशे वर्षांनी त्या बिचाऱ्या नमुन्याचा कुणीतरी एकदाचा उपयोग केला होता.

मखराचं सविस्तर वर्णन करत नाही, कारण ते सुंदर होतं, आणि सुंदर गोष्टींबद्दल लिहायला लागले की माझी भाषा बिघडते. एवढंच सांगते की आदल्या दिवशी, मंडळाचा गणपती बसायचा त्या शाळेच्या कॅफेटेरियात पाटणकर काका सोनेरी स्प्रेचे डबे घेऊन आले. आई म्हणाली, “थर्मोकोल विरघळेल, आधी एका तुकड्यावर मारून बघा.” “वहिनी, केमिस्ट्री माझा विषय होता,” काका म्हणाले आणि त्यांनी एका खांबावर फवारा सोडला. दोन मिनिटांत पानांना देवीचे व्रण पडले. आईने तो खांब फिरवून चेहरा भिंतीकडे केला आणि बाकीचं पोस्टर कलरने रंगवलं. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर काकांनी माइक हातात घेतला. “ही माझी कन्सेप्ट. आणि कापाकापीत आपल्या शिवणकामवाल्या वहिनींची मदत झाली.” टाळ्या. आईसुद्धा टाळ्या वाजवत होती. तिचं नाव सरिता आहे एवढं सांगायला काय जात होतं त्या माणसाचं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येईपर्यंत मी त्यांना माहीत असतील तेवढ्या सगळ्या शिव्या दोन भाषांत दिल्या. आई म्हणाली, “जाऊ दे गं. केलं कुणी ते गणपतीला माहितीये.” मी म्हटलं, मी काकांसारखी कधी वागणार नाही. हे वाक्य मी मोठ्याने म्हटलं होतं, म्हणून ते इथे लिहिते आहे.

पान मी परत फोल्डरमध्ये ठेवून दिलं होतं. वरून बघितलं तर काही कळत नव्हतं, आईचा हात तेवढा हलका होता. पण पुढच्याच शनिवारी म्युझियमच्या माणसाचा फोन आला की सोमवारी येतो, कागदातला वॉटरमार्क कुठला आहे ते बघून ठेवा. मिसेस ऑल्ड्रिजनी पान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. डावी अर्धी वेल ठिपक्या ठिपक्यांनी उजळून निघाली. फार छान दिसली. बाई मात्र ओरडल्या नाहीत. त्यांनी पान खाली ठेवलं, मळकं पान काढून शेजारी ठेवलं, आणि अगदी हळू विचारलं, “हे कुणी केलं?”

मी सांगू शकत होते की मी नेलं आणि मी टोच म्हणाले. मग पत्र गेलं असतं. पत्र गेलं की कॉलेज गेलं असतं, आणि मी आयसेलिनमध्ये राहून कॉम्प्युटर शिकले असते. हे सगळं मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसलं, त्यामुळे गोंधळून बोलले असं म्हणायची मला सोय नाही. मी म्हटलं, “माझ्या आईने. मी अभ्यासाला घरी नेलं होतं आणि लायब्ररीत गेले होते. शी डझन्ट नो एनी बेटर. तिला वाटलं मासिकातलं पान आहे. ती फॅक्टरीत शिवणकाम करते, तिला या गोष्टी समजत नाहीत.” आवाजात मी दुःख घातलं होतं. ते छान जमलं होतं. बाईंचा चेहरा निवळत गेला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “बिचारी पोर, घरी किती अवघड जात असेल तुला!”

तेव्हा मला दिसलं की आई दारात उभी आहे. दर शनिवारी चारला मला न्यायला यायची आणि गाडीत बसून हॉर्न द्यायची. त्या दिवशी बाईंसाठी मोदक आणले होते म्हणून डबा घेऊन आत आली होती. वर्करूममधून थेट आलेली, ब्लाउजला दोरे चिकटलेले. तिने किती ऐकलं ते कळायला मार्ग नव्हता. तिने टेबलाकडे पाहिलं, दोन्ही पानं शेजारी शेजारी पाहिली, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

“येस, मॅडम,” आई म्हणाली. “आय डिड. व्हेरी सॉरी.”

बाईंनी मान हलवून तिला क्षमा केली. तिथेच थांबायचं, तर आईचं लक्ष मळक्या पानावर गेलं, आणि हाडाच्या कारागिराला जे आवरत नाही ते तिला आवरलं नाही. कागदाला हात न लावता तिने वरून बोट फिरवलं. “धिस मॅन, गुड वर्कर. राइट साइड ओन्ली. देन फोल्ड.” डब्यावरचा पेपर नॅपकिन काढून तिने मधोमध घडी घातली, उलगडून दाखवली. “टू डिझाइन. यू टेक वन.” बाई लहान मुलाकडे बघून हसतात तशा हसल्या आणि म्हणाल्या, “हाउ चार्मिंग.” मोदकांचा डबा त्यांनी दोन बोटांनी धरून खिडकीत ठेवला.

पत्र मला मिळालं. त्यात लिहिलं होतं की घरी कसलाही सांस्कृतिक आधार नसताना या मुलीने जी दृष्टी कमावली ती विरळा आहे. त्या पत्रावर मी कॉलेजात गेले, आणि पुढे पस्तीस वर्षं म्युझियममध्ये असलेच कागद सांभाळले. वसंतात बाईंचा कॅटलॉग निघाला. त्यात त्या नमुन्याखाली एक नवं वाक्य होतं : या पानावर दोन पर्यायी रचना असून कारागिराने एक अर्धा भाग निवडून तो उलटवायचा असे, हे प्रस्तुत लेखिकेच्या लक्षात आले आहे. कॅटलॉग मीच टाइप करत असे. तेही वाक्य मीच टाइप केलं, एकही चूक न करता. आता मी साठीला टेकले आहे आणि वारं फिरलं आहे. आता टोचलेल्या कागदाला कोऱ्यापेक्षा जास्त मान. परवाच एका प्रदर्शनात एक तरुण क्युरेटर असल्याच भोकांकडे बोट दाखवून अनाम हातांच्या ज्ञानपरंपरेवर तासभर गळा काढत होता. त्या अनाम हातांपैकी एक जोडी त्याच्या कँटीनमध्ये भांडी घासत असती तर त्याने तिला गुड मॉर्निंगसुद्धा घातलं नसतं. मला हसण्याचा हक्क नाही. तरी मी हसले.

त्या दिवशी परतताना आई गाडी चालवत होती. मी तयारी करून बसले होते. ती रागावली तर काय म्हणायचं, रडली तर काय म्हणायचं, काहीच कळलं नसेल तर कुठली गोष्ट रचून सांगायची. तिने नेहमीसारखं विचारलं, भूक लागलीय का, आणि मी नाही म्हटलं. नदी गेली, हायवे लागला, ओक ट्री रोडचा सिग्नल आला. लाल होता. आरशात बघून तिने ब्लाउजवरचा एक दोरा काढला.

“तुझं इंग्रजी फार छान झालंय हं, मेधा,” ती म्हणाली. “इतकं स्पष्ट बोललीस, मला प्रत्येक शब्द कळला.”

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, “थँक यू.”